रसिकाचं सुतक

चौकातला फळा. मंडळाच्या कट्ट्यावर, वाचनालयाच्या दाराशी, एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर टांगलेला. एरवी त्यावर वर्गणीची आठवण, रक्तदान शिबिर, उद्या पाणी येणार नाही अशी सूचना. कुणी कलावंत गेला की ओल्या फडक्याने तो लख्ख पुसायचा आणि ज्याचं अक्षर वळणदार त्याला घरून बोलावून आणायचं. वर ‘दुःखद निधन’, मधोमध नाव, खाली अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता. नावाची अक्षरं दोनदा गिरवायची, म्हणजे पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येत. सायकलवरून जाणारा एक पाय टेकून थांबे, वाचे, आणि काही न बोलता पुढे जाई. आपले किती लाडके कलावंत भर पावसात गेले: निळू फुले १३ जुलैला, बालगंधर्व १५ जुलैला, सुधीर फडके २९ जुलैला, मोहम्मद रफी ३१ जुलैला. फळ्यावरचं नाव संध्याकाळपर्यंत ओघळून जायचं आणि कुणीतरी ते पुन्हा लिहायचं.

आता त्या जागी फ्लेक्स लागतो. गेलेल्याच्या फोटोखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो असतात. मला ते फार खुपतं.

रसिकाला तसं सुतक नसतं. तो नात्यातला नाही. त्याला दहावं-तेरावं नाही, कचेरीतून रजा नाही, त्याला भेटायला कुणी घरी येत नाही. आणि तरी त्याच्या घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. मग त्याने आपले विधी आपणच उभे केले, हाताशी होत्या त्या वस्तूंवर: फळा, रेडिओ, तिकीट, कॅसेट, कात्रण. या वस्तू एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर शोक करण्याची ती रीतही जाते आहे. म्हणून ही नोंद.

सकाळी आठला दोन-तीन मिनिटं कमी असताना लागणारं सैगलचं गाणं. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांचा कार्यक्रम असे आणि त्यातलं शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं, रोज. सैगल १८ जानेवारी १९४७ ला जालंधरला गेले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. स्वतंत्र झालेला देश त्यांनी पाहिला नाही. पण पुढची कित्येक दशकं शॉर्टवेव्हवर जवळ येणारा, लांब जाणारा त्यांचा आवाज मराठी घरांना वेळ सांगत होता. सैगल लागला की डबा भरायचा, सैगल संपला की चपला पायात घालायच्या. ज्यांचा जन्मच सैगल गेल्यानंतरचा, त्यांनाही तो आवाज घरच्या वडीलधाऱ्याचा वाटे. पुण्यतिथीला हार घालून मोकळं होणं वेगळं आणि रोज सकाळी एक गाणं राखून ठेवणं वेगळं. एवढी मोठी आदरांजली मला दुसरी ठाऊक नाही, आणि ती वाहताना आदरांजली हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नव्हतं. शॉर्टवेव्हचे रेडिओ घरांतून गेले तशी ती थांबली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. ज्यांनी रेडिओ सिलोनवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांना बुधवारची वाट बघायला लावली, त्यांच्या जाण्याची बातमी बहुतेकांना मोबाइलवर कळली.

बुकिंगच्या खिडकीतला प्लॅन. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा छापील नकाशा, विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली. खिडकीतल्या माणसाला रोजचे प्रेक्षक तोंडओळखीचे, कुणाला कडेची खुर्ची लागते ते पाठ. कलावंत अचानक गेला की काचेला आतून कागद चिकटवलेला दिसे: ‘आजचा प्रयोग रद्द’. लोक वाचायचे आणि परत न जाता तिथेच घोळका करून उभे राहायचे. कुणी तिकिटाचे पैसे मागायचे नाहीत. न झालेल्या प्रयोगाचं ते तिकीट पाकिटात आतल्या कप्प्यात जायचं.

राजा गोसावी २८ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या रंगपटात गेले. ‘लाखाची गोष्ट’ पुण्यात लागला होता तेव्हा भानुविलासच्या खिडकीत बसून त्याची तिकिटं विकणारा बुकिंग क्लार्क हाच त्या चित्रपटाचा नायक होता, ही हकिकत पुण्यात अजून सांगतात. ती सांगताना प्रत्येक जण थोडा हसतो आणि मग गप्प होतो, कारण भानुविलासही आता नाही आणि ती खिडकीही नाही. आज प्रयोग रद्द झाला की पैसे आपोआप खात्यात जमा होतात. सोय चांगलीच आहे. पण पाकिटात ठेवायला काही उरत नाही, हेही खरं.

तिसऱ्या घंटेनंतरची दोन मिनिटं. हे अजून आहे, म्हणून यादीत घ्यावं की नाही असा विचार केला. पडदा बंद, निवेदकाचा आवाज, आज अमुक आपल्यातून गेले, कृपया दोन मिनिटं उभं राहावं. खुर्च्यांची फळकटं वर उचलल्याचा खटखट आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. मग खाली बसायचं, पडदा वर, आणि प्रहसन असेल तर हसायचं. नट गेला तरी प्रयोग होतो, त्याच्या आठवणीत होतो. नाटकवाल्यांनी हे आपल्याला शिकवलं. नाट्यगृहं आहेत तोवर हे राहील. ती किती राहतील याची मला खात्री देता येत नाही.

रफीसाहेबांची कबर. ३१ जुलै १९८० ला ते गेले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी मुंबईत धो-धो पाऊस होता आणि त्या पावसात माणसं अंत्ययात्रेला लोटली होती. जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात त्यांचं दफन झालं. तिथेच मधुबाला, साहिर लुधियानवी, नौशाद, तलत महमूद. २०१० मध्ये जुन्या कबरी हटवून तिथे नव्या दफनांसाठी जागा करण्यात आली. कब्रस्तान चालवणाऱ्यांना दोष देता येत नाही. रोज नवी माणसं मरतात आणि त्यांनाही साडेतीन हात जमीन लागते. पण त्यात रफीसाहेबांचा दगड गेला, मधुबालेचाही गेला. चाहते आजही जातात. जवळच्या एका नारळाच्या झाडाची खूण त्यांनी धरली आहे. त्या झाडाच्या बुंध्याशी उभं राहून अंदाज घ्यायचा आणि फुलं ठेवायची. उद्या ते झाड पडलं तर?

मराठी माणसाचं या जागेशी नातं श्रीकांत ठाकरे यांच्यामुळे अधिक जवळचं. त्यांच्या चालींवर रफींनी मराठीत गायलं आणि ते ऐकताना आपल्या कितीतरी घरांतून ‘बघा, ळ कसा लागलाय’ असं कौतुक होत असे. तालुक्याच्या गावात सायकलच्या दुकानात, केशकर्तनालयात, पानाच्या टपरीत रफींचा फोटो असायचा, देवांच्या फोटोंच्या ओळीतच, आणि सकाळची उदबत्ती ओवाळताना मालकाचा हात त्या फोटोपाशीही थांबायचा. धर्म कुणी मध्ये आणला नाही. टपरीवाल्याच्या मुलाने दुकान नवं केलं की हा फोटो प्रथम उतरतो. भिंतीवर चौकोन तेवढा फिकट राहतो, पुढच्या रंगकामात तोही जातो.

३१ जुलैची ऑर्केस्ट्राची रात्र. प्रत्येक शहरात एक ‘व्हॉइस ऑफ रफी’ असे, दिवसा कुठेतरी नोकरी करणारा, रात्री पांढरा कोट घालून उभा राहणारा. मागे अ‍ॅकॉर्डियन, बोंगो, मेंडोलिन, दोन व्हायोलिनं. आता कराओके आहे. गाणारे वाढले ही आनंदाची गोष्ट. वाजवणारे मात्र गेले. रफींच्या गाण्यात मेंडोलिनचा तुकडा कुठे येतो हे ज्याच्या बोटांना माहीत होतं, असा माणूस शोधून काढावा लागतो.

पु. लं.च्या कॅसेटमधलं हसू. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ला पुण्यात गेले, त्यांच्या आणि सुनीताबाईंच्या लग्नाच्या वाढदिवशीच. त्या संध्याकाळी घराघरांत एकच गोष्ट झाली असावी: कुणीतरी उठून कॅसेट लावली. मोठ्या माणसांना आधी ते बरं दिसेना, आजच्या दिवशी हसायचं कसं? मग पहिलं वाक्य आलं आणि सगळेच हसले, आणि हसता हसता डोळ्याला पदर गेला.

या कॅसेट विकत घेतलेल्या कमी, उतरवून घेतलेल्या जास्त. मूळची मामांकडे, तिच्यावरून काकांनी, काकांच्यावरून शेजाऱ्यांनी. दर पिढीला खरखर वाढत गेली. फीत सैल झाली की चाकात पेन्सिल घालून फिरवायची. पहिली बाजू वाक्य अर्ध्यावर असताना संपायची, कॅसेट उलटी करून लावेपर्यंत मध्ये एक थांबा पडायचा आणि तो थांबा कथेचाच भाग होऊन बसला होता. ज्यांनी पु. ल. कॅसेटवर ऐकले ते आज मोबाइलवर सलग ऐकतानाही त्या जागी क्षणभर थांबतात, बघा.

आणि त्या ध्वनिमुद्रणात फक्त पु. ल. नाहीत, सभागृह आहे. पाठ झालेल्या वाक्यांबरोबर आम्हाला तो हशाही पाठ आहे. कुठे तो डावीकडून सुरू होतो, कुठे मागच्या रांगेतल्या एका बाई इतरांच्या आधी हसतात, कुठे कुणाला खोकला येतो, आणि कुठे पु. ल. हसू ओसरायची वाट बघत थांबतात. ती माणसं तेव्हा चाळीस-पन्नाशीची असतील. पु. लं.च्या मागोमाग तीही एकेक करून गेली. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्या बाईंच्या घरच्यांना कदाचित माहीतही नसेल की आईचं हसणं महाराष्ट्रभर आणि सातासमुद्रापार मराठी घरांत अजून ऐकलं जातं. आवाज स्वच्छ करताना खरखर काढली जाते, ते ठीक. हशाला कुणी हात लावू नये, एवढी माझी विनंती आहे.

गेलेल्या गायकाची कॅसेट मागायला दुकानात आलेली माणसं. दुकानदार सकाळीच त्या कॅसेट पुढच्या मांडणीत लावून ठेवी. गिऱ्हाईक नाव घेई, दोघं दोन वाक्यं बोलत, झालं सांत्वन. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. गावोगावची छोटी दुकानं त्याच्या आधीच मोबाइलची कव्हरं विकू लागली होती.

गिरणगावचं रडणं. दादा कोंडके नायगावचे, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केलेले, सेवादलात घडलेले. ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्यांना रंगमंचावर आणलं आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने पडद्यावर उभं केलं. ओळीने नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाला, गिनीज बुकात नोंद झाली. पण ती नोंद ज्यांनी घडवली ते पाळी सुटल्यावर अंगावरचं कापसाचं पीस झटकत लालबागच्या भारतमाता सिनेमात शिरणारे लोक होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दादा १४ मार्च १९९८ ला गेले, तोवर हा प्रेक्षक पांगला होता: कुणी कल्याण-डोंबिवलीच्या पुढे, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी कायमचा गावी. ज्या चाळीने एकत्र हसून दादांना मोठं केलं तिला एकत्र रडायला चाळ उरली नव्हती. मराठी करमणुकीच्या इतिहासात हे दुःख कुणी नीट मांडलेलं नाही. कलावंताआधी त्याचा प्रेक्षक मोडून पडतो तेव्हा शोकही बेघर होतो.

जत्रेतल्या तंबूत मात्र दादा गेलेच नाहीत. फिरत्या टॉकीजवाल्यांनी त्यांच्या रिळांच्या पेट्या पुढेही वर्षानुवर्षं ट्रकवर चढवल्या. ती हाफचड्डी दिसली की शिट्ट्या, नाणी, धुरळा. आता तंबू थोडे उरलेत.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह. इथे मला थांबावंच लागेल. संगीतसूर्य केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ ला गेले, एकतिसाव्या वर्षी. त्याच्या तीनच महिने आधी, ८ जुलैला, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं होतं. एका बाजूला केशवराव, दुसऱ्या बाजूला बालगंधर्व. त्या रात्रीची आठवण महाराष्ट्राने शंभर वर्षं तोंडी जपली. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं आणि ते नाव घेऊन कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या नाटकाला गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. ९ ऑगस्ट ही केशवरावांची जयंती. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी कलावंत, पडद्यामागचे कामगार, नुसते प्रेक्षक रस्त्यावर उभे राहून रडत होते. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी भर रस्त्यात मोठी माणसं रडतात, हे फार गावांच्या नशिबी नसतं. नाट्यगृह पुन्हा उभं राहील, राहायलाच हवं. पण ज्या लाकडाला जुने आवाज ठाऊक होते ते लाकूड गेलं.

खांदा. २२ सप्टेंबर २०२० ला आशालता वाबगावकर साताऱ्यात करोनाने गेल्या. मूळच्या गोव्याच्या, ‘मत्स्यगंधा’मुळे घराघरांत पोचलेल्या. शूटिंगसाठी साताऱ्याजवळ आल्या होत्या. त्या दिवसांत कुणालाच जाता आलं नाही. गोव्यातल्या रसिकांना नाही, मुंबईतल्यांना नाही. ते जाणं राहून गेलं आणि अजून राहिलेलंच आहे.

ट्रकवरचं नाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ ला गेल्या. ज्यांना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला त्यांनी शेवटची वर्षं हलाखीत काढली, याची लाज महाराष्ट्राला वाटायला हवी आणि ती पुसून टाकता कामा नये. तमाशात शोकाची रीत वेगळी आहे. फड थांबत नाही, मोठ्या माणसाचं नाव पुढे चालतं. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांच्या फडाने विठाबाईंचं नाव गावोगाव नेलं. हंगामात नारायणगावला राहुट्या लागतात, गावकारभारी सुपाऱ्या द्यायला येतात आणि म्हातारे लोक फडाच्या फलकावर आधी जुनं नाव शोधतात. राहुट्या दरसाल कमी होतात.

मृत्युलेख लिहिणारे. कलावंत गेला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात कुणाचं नाव असेल ते ठरलेलं असे. मराठी चित्रपटाबद्दल इसाक मुजावर, हिंदी गाण्यांबद्दल शिरीष कणेकर. त्यांना तारखा पाठ होत्या, आणि तारखांच्या मागची माणसंही. वाचताना वाटायचं, चला, आपल्या वतीने कुणीतरी रडलं. मुजावर २०१५ मध्ये गेले, कणेकर जुलै २०२३ मध्ये. आज कलावंताच्या निधनानंतर दहाव्या मिनिटाला मजकूर येतो. त्यात जन्मतारीख असते, चित्रपटांची यादी असते. लिहिणाऱ्याने त्यांना कधी पाहिलं होतं, हे नसतं.

बालगंधर्वांना पाहिलेली माणसं. ते १९६७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी, २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं तिथे आहेत, एक पुरुषवेषातलं, एक रुक्मिणीचं. रंगमंदिर पाडून नवं बांधण्याची चर्चा अधूनमधून होते, तेव्हा पहिला जीव त्या चित्रांसाठी घाबरतो. पण चित्रांना निदान भिंत आहे. ज्यांनी बालगंधर्वांना, त्यांच्या उतारवयात का होईना, प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलं ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या शेजारी एक आजी होत्या. गाणं त्यांना येत नव्हतं. बालगंधर्व कसे दिसत असं विचारलं की त्या बसल्या जागी पाठ सरळ करत, उजव्या हाताने पदराचं टोक दोन बोटांत धरून खांद्यावरून पुढे आणत आणि मान किंचित वळवत. ‘असं,’ म्हणत. त्यांच्या आईने तेच पाहून तेच उचललं होतं. एका पुरुषाने रंगमंचावर रंगवलेला बाईपणाचा डौल अशा कितीतरी घरांत बायकांच्या अंगात उतरला होता. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमध्ये गळा सापडतो. ते ‘असं’ सापडत नाही.

६ फेब्रुवारी २०२२. लता मंगेशकर गेल्या तो रविवार होता. शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, देशात दोन दिवसांचा दुखवटा पाळला गेला. त्या दिवशी प्रत्येक जण एकेकटा कानात तार घालून त्यांचं गाणं ऐकत होता, प्रत्येकाचं वेगळं. त्यांची सगळी गाणी हाताच्या अंतरावर होती, जपून ठेवावं असं काही कुणाच्या वाट्याला उरलंच नव्हतं. संध्याकाळी आमच्या सोसायटीत एका काकूंनी खिडकीत मोठ्याने रेडिओ लावला. खाली पंधरा-वीस माणसं येऊन उभी राहिली, एरवी लिफ्टमध्येही न बोलणारी. फळ्यापाशी व्हायचं तेच झालं.

कात्रणांची वही. आमच्या एका आत्याची आहे. जुन्या हिशेबाच्या वहीत कणकेच्या खळीने चिकटवलेली कात्रणं, सगळी मृत्यूंची. किशोरकुमार, स्मिता पाटील, अरुण सरनाईक, काशिनाथ घाणेकर, रंजना. काही टाचण्यांनी लावलेली. टाचण्या गंजून कागदाला भोकं पडली आहेत, कडांना कसर लागली आहे. चिकटलेलं कात्रण जिथे सुटलंय तिथे मागची बाजू दिसते: सोन्याचा भाव, ‘आजपासून दररोज ३, ६, ९’. समासात आत्याचं पेन्सिलीतलं अक्षर. स्मिता पाटीलच्या पानावर ‘एवढंसं बाळ’. सरनाईकांच्या पानावर फक्त ‘कोल्हापूरजवळ’. एका पानावर ‘आज रेडिओ लावला नाही’, आणि तारीख आहे पण कात्रण गळून गेलं आहे, त्यामुळे तो दिवस कुणाचा होता ते तारखेवरून शोधावं लागलं. सुधीर फडक्यांचा होता.

अशा वह्या घर आवरताना पहिल्यांदा रद्दीत जातात. जाऊ देऊ नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. गाण्यांच्या पुस्तिका, भित्तिपत्रकं, छायाचित्रं लोकांकडून मिळवतच ते मोठं झालं. तिथे विचारा, गावातल्या वाचनालयात विचारा, नाहीतर नाट्यसंगीताच्या तबकड्या जमवणाऱ्या एखाद्या संग्राहकाला गाठा. द्यायच्या आधी पहिल्या पानावर वही कुणाची होती ते लिहा, गाव लिहा, आणि त्या माणसाने हे कलावंत कुठल्या थिएटरात पाहिले ते घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांना आठवतंय तोवर, लिहून ठेवा.